गणपती दहा दिवसांवर आणि घरात उंदीर, तुम्ही काय करता?

सुरसागरकाठची

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे, हसा हवं तर पण उत्तर द्या. आम्ही बडोद्याला दांडिया बाजारच्या मागच्या गल्लीत राहतो, सासऱ्यांच्या आजोबांच्या वेळचं घर आहे, लाकडी जिना, माळा, हातभर जाड भिंती. अशा घरात उंदीर असणारच, इतकी वर्षं ते माळ्यावर आणि आम्ही खाली असं ठरल्यासारखं चाललं होतं. यंदा पाऊस सुरू झाला आणि ते खाली उतरले. पोह्याची पिशवी फोडली, माझ्या पैठणीच्या खोक्याचा कोपरा कुरतडला (साडी वाचली, नशीब), आणि आता तर देवघरातली फुलवात तुपासकट गायब होते. संध्याकाळी निरांजन लावायचं, शांत झालं की सकाळी वाटी चाटूनपुसून साफ.

नवरा वैतागून ते चिकट पॅड घेऊन आला, पुठ्ठ्याचं, पुस्तकासारखं उघडतं ते. रात्री ओट्याखाली ठेवलं. सकाळी साडेपाचला पाणी येतं म्हणून उठले तर त्यावर एक पिटुकलं अडकलेलं, तीन पाय आणि एक गाल चिकटलेला, चौथा पाय हवेत आणि पोट भरभर वरखाली होतंय. ओरडून ओरडून दमलं असावं, आवाज येत नव्हता. तेवढ्यात आमची आठ वर्षांची लेक पाणी प्यायला आली. नवऱ्यानं काही न बोलता ते पॅड पुस्तकासारखं मिटलं, काळ्या पिशवीत घातलं आणि कचऱ्याच्या गाडीत टाकून आला. पिशवी हलत होती. मी पाहिलं, लेकीनंही पाहिलं.

परवा आम्ही शाडूची मूर्ती बुक करायला गेलो. दर वर्षी मूर्तीबरोबरचा सुटा उंदीर हीच हातात धरून आणते, तो तिचा मान. ह्या वेळी तिनं मूर्तीवाल्याला सांगितलं की काका उंदीर नको. तो हसला, मला नाही हसता आलं.

आता घरात तीन मतं आहेत. सासूबाई म्हणतात चतुर्थी ते अनंत चतुर्दशी काही मारायचं नाही, नंतर बघा काय ते. म्हणजे उंदराला दहा दिवसांचा जामीन. नवरा म्हणतो उंदीर तो उंदीर, रोगराई आली की देव येणार आहे का निस्तरायला. समोरच्या जैन बेन पिंजरा घेऊन आल्या, "पर्युषण आवे छे, मारशो नहीं हं" म्हणाल्या (त्यांचं उपासाचं पर्व) आणि वर एक पोळी पण देऊन गेल्या आमिषाला. आणि मी मधे. गंमत म्हणजे श्रावण पाळतोय आम्ही, सीकेपी घर असून महिनाभर मासे-मटण बंद, आणि श्रावणातच हे. आणि विसर्जन झालं की पहिल्या रविवारी मीच पापलेट आणणार आहे तेही माहितीये मला, त्यामुळे फार नैतिक वगैरे बोलायला तोंड नाही.

तर तुमच्याकडे काय करतात? म्हणजे उंदरांचं काय करता तेही सांगा आणि स्वतःच्या मनाला काय सांगता तेही.

सेवउसळ_जास्त_तर्री

ताई राग मानू नका पण मारा आणि मोकळ्या व्हा. मी १९९४ साली सातवीत होतो, सुरतला प्लेग आला तेव्हा. सुरतेहून लोक मिळेल त्या गाडीनं पळत होते, आमच्याकडे काकांचं अख्खं कुटुंब आलं आणि आईनं त्यांना आधी ओट्यावरच बसवलं, घरात घेऊ की नको ह्यावर आजी आणि आईचं भांडण झालं ते अजून आठवतं. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या औषधाच्या दुकानात मिळेनात, सगळे तोंडाला रुमाल बांधून. तेव्हा कोणी मूषक म्हणून हात जोडले नाहीत. भूतदया वगैरे पोट भरल्यावरच्या गोष्टी आहेत. आणि शाडूचा उंदीर वेगळा, ओट्याखालचा वेगळा, एवढं तर देवालाही कळत असेल की.

रविवारी कोंबडी खाणाऱ्यांनी (मी पण) उंदरासाठी रडायचं हे जरा नाटक वाटतं. स्पष्ट बोललो.

पूरवाला_बडोदेकर

ताई मी प्राणी सोडवणाऱ्यांच्या एका गटाबरोबर फावल्या वेळात काम करतो, उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, मांज्यात अडकलेले पक्षी आणि पावसाळ्यात साप, त्यामुळे थोडं कामाचं सांगतो, पुण्यपापाचं बाकीचे सांगतील.

पहिलं म्हणजे ते पॅड परत आणू नका. उंदीर मारायचाच असेल तर मारण्याच्या सगळ्या पद्धतींत ही सगळ्यात वाईट आहे, कारण ह्यात तो मरत नाही, मरायला ठेवला जातो. एक-दोन दिवस तहानेनं, धापेनं, कधी स्वतःचा पाय कुरतडून. केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळानं ह्याविरुद्ध राज्यांना पत्रं पाठवलीयत, काही राज्यांनी बंदीही घातलीय, तरी किराणा दुकानात काउंटरवरच लटकलेलं असतं. आणि त्यात नुसते उंदीर नाही अडकत, पाली, चिमण्या, एकदा तर मी खारीचं पिल्लू सोडवलंय. पुढे कधी काही अडकलं तर घाबरू नका. जाड हातमोजे घाला, वर जुना टॉवेल टाका म्हणजे तो शांत होतो आणि चावत नाही, मग साधं गोडंतेल चिकटलेल्या जागी थेंब थेंब सोडायचं आणि बोटानं हळूहळू चोळायचं, ओढायचं नाही. दहा-पंधरा मिनिटं लागतात. सुटतो.

विषाचं पण सांगतो कारण पुढचा सल्ला तोच येणार. बाजारात जे निळे-हिरवे ठोकळे मिळतात त्यांनी रक्त गोठायचं थांबतं, उंदीर आतल्या आत रक्तस्राव होऊन चार-पाच दिवसांनी मरतो. तेवढ्या वेळात तो मंद झालेला असतो, त्याला मांजर खातं किंवा घुबड खातं आणि ते विष पुढे जातं. दांडिया बाजारात जुन्या घरांच्या खांडात अजून गव्हाणी घुबडं आहेत, एक जोडी वर्षाला शेकड्यानं उंदीर खाते. लक्ष्मीचं वाहन गणपतीच्या वाहनाला खातं, ही व्यवस्था बरी चाललीये, आपण विष घालून दोघांना मारतो. आणि मेलेला उंदीर तुमच्या त्या हातभर जाड भिंतीत कुठेतरी कुजणार तो वास ऐन गणपतीत येणार.

मग काय करायचं? भोकं बुजवा. कंटाळवाणं उत्तर आहे माहितीये. लहान उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून येतो. भांडी घासायची तारेची घासणी मिळते ना, ती भोकात ठासून भरायची आणि वरून सिमेंट, नुसतं सिमेंट किंवा लाकूड तो कुरतडतो, तार नाही कुरतडत. मोरीची जाळी, गॅसची नळी जिथून आत येते ती जागा, दाराखालची फट. पोहे-रवा-डाळ सगळं झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. रात्री ओला कचरा घरात नको. उंदराला तीन आठवड्यांत पिल्लं होतात, एका वेळी पाच-सहा, त्यामुळे मारत बसलात तर जन्मभर माराल, खायला आणि यायला मिळालं नाही तरच थांबतं.

पिंजरा चांगला, पण रात्रीतून दोनदा तरी बघा आणि आत काकडीचा तुकडा ठेवा पाण्यासाठी. लांब नेऊन सोडू नका, अनोळखी जागी तो बहुतेक मरतोच. आधी भोकं बुजवा, मग घराच्या मागच्या बाजूलाच भिंतीबाहेर सोडा. आणि लेंड्या कोरड्या झाडू नका, आधी फिनाईलचं पाणी शिंपडा मग पुसा, मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचा ताप होतो, तेवढं सेवउसळभाऊंचं म्हणणं बरोबर आहे.

आणि एक विचारायचं राहिलं. रात्री भिंतीच्या कडेकडेनं पळतं का काही, चिक् चिक् करत? आणि वास येतो का, जरा कस्तुरीसारखा उग्र? तोंड टोकदार लांब असेल तर तो उंदीर नाहीच, चिचुंदरी आहे. ती झुरळं खाते, धान्य नाही. तिला तर पगार द्यायला पाहिजे.

सेवउसळ_जास्त_तर्री

पूरवाला नाव का घेतलंय भाऊ, मगरी पण सोडवता का?

पूरवाला_बडोदेकर

मी नाही, माझं काम दोरी धरायचं. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी सोसायट्यांत शिरलं आणि पाण्याबरोबर मगरी. समा, कारेलीबाग, अकोटा, कुठून कुठून फोन. एका घराच्या अंगणात साताठ फुटी मगर, आणि घरातल्या बा पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून हात जोडून उभ्या, खोडियार मातेचं वाहन ना. त्यांचा मुलगा काठी घेऊन. आम्ही म्हटलं दोघंही बाजूला व्हा, तिला काठी पण नको आणि नमस्कार पण नको, तिला वाट द्या. रात्री दीड वाजता तिला वनखात्याच्या गाडीत चढवलं, वजन असं की माझे खांदे चार दिवस दुखत होते. पण एक सांगतो, अख्ख्या शहराच्या मधून वाहणारी नदी, त्यात चारशेच्या वर मगरी, आणि लोक तिच्या काठी घरं करून राहतात, हे दुसऱ्या गावात चाललं असतं का माहीत नाही. त्यात भक्ती किती आणि सवय किती हे वेगळं काढता येत नाही मला.

मेहतांची_सून

मी जन्मानं कोकणस्थ, लग्नानं जैन, बडोद्यातच, सतरा वर्षं झाली. समोरच्या बेननी पिंजरा आणून दिला हे वाचून हसूच आलं कारण आमच्या घरी असे तीन पिंजरे आहेत आणि ते पोळात, म्हणजे आमच्या जुन्या गल्लीवस्तीत, फिरत असतात, कोणाकडे कुठला गेलाय ह्याची सासूबाईंकडे वही आहे.

लग्न झालं तेव्हा मला वाटायचं की हे सगळं दिखाऊ आहे. पाणी गाळून प्यायचं, गाळल्यावर फडकं उलटं करून त्यावरून पाणी सोडायचं म्हणजे अडकलेले जीव परत पाण्यात जातील, सूर्यास्तानंतर खायचं नाही कारण दिव्याला किडे येतात, पावसाळ्याचे चार महिने साधू-साध्वी एका गावातून दुसऱ्या गावी जात नाहीत कारण वाटेवर जीवजंतू फार. एकदा एक साध्वीजी घरी आल्या होत्या, खाली बसायच्या आधी त्यांनी ओघ्यानं, म्हणजे लोकरीच्या त्या कुंच्यानं, जागा इतकी हळू झाडली की मी बघतच राहिले. मी तोवर आयुष्यात कधी बसायच्या आधी खाली पाहिलं नव्हतं. तेव्हा थोडं कळलं की दया नंतर येते, आधी दिसायला तर पाहिजे.

पण आतली गोष्ट पण सांगते. माझे सासरे पिंजऱ्यात आलेला उंदीर पलीकडच्या पोळात सोडून यायचे. एक दिवस पहाटे तिकडच्या पोळातले एक काका आमच्या नाक्यावर पिंजरा उघडताना सापडले. दोघंही वर्षानुवर्षं तेच उंदीर एकमेकांकडे पाठवत होते :) त्यानंतर दोघांची दोस्ती झाली हे वेगळं.

जैनांत जीवांची इंद्रियांवरून मोजणी आहे, झाडं-पाणी एकेंद्रिय, अळी-जळू दोन, मुंगी तीन, माशी-भुंगा चार आणि उंदीर पंचेंद्रिय, म्हणजे आपल्याच वर्गात. त्यामुळे माझ्या सासूबाईंना उंदीर मारणं आणि कोंबडी मारणं ह्यात काही फरक दिसत नाही, आणि खरं सांगू, तर्कानं त्याच बरोबर आहेत, फरक आपण करतो. संवत्सरी, म्हणजे पर्युषणाचा शेवटचा दिवस, बहुतेक वेळा तुमच्या गणेश चतुर्थीच्याच सुमारास येते. त्या दिवशी "मिच्छामि दुक्कडम्" म्हणतात ते नुसतं माणसांना नसतं, प्रतिक्रमणात सगळ्या जीवांची क्षमा मागतात, पृथ्वीकाय, अप्काय म्हणजे मातीच्या-पाण्याच्या जीवांपासून एकेक मोजून. इथे काय होतं की काल मारलेल्या झुरळाची आठवण निघतेच.

मुलीला नाही म्हणू नका. उंदीर नको म्हणतेय तर नको.

निवृत्त_पोस्टमास्तर

सौ. सुरसागरकाठची यांस आशीर्वाद. वय ७८, राहणार रावपुरा, टायपिंग हळू होते, चुका पोटात घालाव्यात. ज्याला विषय निघाला की एकनाथांचं गाढव आणि नामदेवांचा कुत्रा आठवतो तो मी आहे, पण त्या गोष्टी सगळ्यांना पाठ आहेत म्हणून सांगत नाही. दुसरी सांगतो.

आमचे वडील जेवायला बसले की ताटाभोवती पाणी फिरवून उजव्या बाजूला चार शितं काढत. चित्राहुती. मी लहानपणी विचारलं हे कोणाला, तर म्हणाले, ज्यांना मारून आपण जेवतोय त्यांना. मी म्हटलं आपण तर वरणभात जेवतोय. तेव्हा त्यांनी पंचसूना सांगितल्या. सूना म्हणजे जिथे जनावर कापतात ती जागा, खाटकाचा ठिय्या म्हणा. धर्मशास्त्र म्हणतं की प्रत्येक गृहस्थाच्या घरात अशा पाच जागा आहेत: चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा हंडा. लाकडातली मुंगी जळते, धान्यातला किडा भरडला जातो, केरसुणीखाली काहीतरी जातं, हंड्याखाली काहीतरी चिरडतं. मुद्दाम कोणी करत नाही पण रोज होतं. आणि म्हणून रोजचे पाच यज्ञ सांगितले, त्यातला एक भूतयज्ञ, कावळ्याला, कुत्र्याला, किडामुंगीला अन्न काढून ठेवायचं. आता हंडा गेला, पाटा गेला, मिक्सर आला, झुरळं मारायचं हिट आलं, हिशेब मात्र तोच.

मला ह्यात आवडतं ते असं की शास्त्रानं तुमचं घर स्वच्छ आहे अशी खोटी खुशामत केली नाही. तुझ्या स्वयंपाकघरात पाच खाटीकखाने आहेत असं तोंडावर सांगितलं आणि वर म्हटलं, तरी स्वयंपाक कर, पण उचलून काहीतरी दे. सेवउसळ यांना नाटक वाटलं. आम्हाला नाटक वाटतं ते चतुर्थी ते चतुर्दशी जामीन देणं. (सासूबाईंना हे वाचून दाखवू नये.)

अजून एक. गणपती बसले की दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. आमची आई त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खात नसे. नांगरलेल्या शेतातलं काही नाही. अळू, भेंडी, सुरण, लाल भोपळा, माठ, परसात हातानं लावलेलं ते सगळं एका भांड्यात, फोडणी नाही. आई म्हणायची आज त्याला सुट्टी. वर्षातून एक दिवस माणसानं ताटाकडे बघून विचारायचं की हे कोणाच्या खांद्यावरून आलं. तसंच नागपंचमीला चिरायचं नाही, खणायचं नाही, नांगरायचं नाही, कारण बिळात कोण असेल सांगता येत नाही.

मेहतांची_सून

काका, ऋषिपंचमीचं सुंदर सांगितलंत पण व्रतकथेत ते बायकांच्या विटाळाच्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून आहे हे पण सांगा की. माझी आजी ते करायची आणि मला ते आवडायचं नाही. बैलाचं तेवढं ठेवू, बाकीचं सोडू.

आणि नागपंचमीला दूध पाजायचं म्हणून गारुड्यांनी तहानलेले, दात पाडलेले साप आणायचे, तेही भक्तीनंच व्हायचं.

निवृत्त_पोस्टमास्तर

मान्य. आईनं मला बैलाचंच सांगितलं होतं, मुलगा म्हणून बाकीचं गाळलं असेल. आपण म्हणता तसंच करावं.

पायऱ्या_मोजणारा

गिरनारचं कोणी काढलं नाही म्हणून मी काढतो. आपण बडोद्याचे मराठी लोक दत्ताच्या पादुकांना वर्षातून एकदा तरी जातोच, दहा हजार पायऱ्या, आता रोपवे झाला तरी अंबाजीपर्यंतच, पुढचं पायीच. पण पायथ्याला जाताना रस्त्याला लागून एक इमारत आहे तिच्यात अशोकाच्या लेखांचा खडक आहे, तिकडे ढुंकून बघत नाही कोणी, रिक्षावाला म्हणतो पत्थर छे. मी सहाव्या खेपेला उतरलो आत. त्यातला पहिलाच लेख स्वयंपाकघराबद्दल आहे. राजा म्हणतो पूर्वी माझ्या मुदपाकखान्यात रोज लाखो प्राणी मारले जायचे, आता तीनच मारतात, दोन मोर आणि एक हरीण, आणि हरीण पण रोज नाही, आणि पुढे हे तीनही मारणार नाहीत.

मी तिथे उभा राहून दोनदा वाचलं त्या फलकावर. एवढा सम्राट, दगडात कोरून घेतोय, सरळ लिहू शकला असता की आम्ही अहिंसक आहोत. त्यानं शिल्लक राहिलेले दोन मोर पण कोरले. सव्वादोन हजार वर्षं झाली, ते दोन मोर अजून तिथे आहेत. ताई तुमचं पापलेट वाचून मला तेच आठवलं.

त्याच डोंगरावर नेमिनाथ आहेत, बाविसावे तीर्थंकर. त्यांची कथा अशी की वरात निघालेली, वाटेत वाड्यात कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश ऐकला, विचारलं हे काय, तर तुमच्या लग्नाच्या जेवणासाठी. रथ तिथूनच वळवला आणि गिरनारवर जाऊन दीक्षा घेतली. आणि वर शिखरावर आपले दत्त, पायाशी चार कुत्रे आणि मागे गाय, ज्यांच्या अवधूतानं चोवीस गुरू केले त्यात कबूतर, अजगर, कोळी, मधमाशी, मासा. उंदीर नाही यादीत, मी शोधला :)

आणि नर्मदेकाठी नारेश्वरला गेला असाल तर तिथले दत्तभक्त संत रंगअवधूत महाराजांनी ती जागा का निवडली ते सांगतात की साप आणि मोर एकत्र खेळताना दिसले म्हणून. खरं-खोटं नर्मदेला माहीत. पण त्यांचं वाक्य तिथे भिंतीभिंतीवर आहे, "परस्पर देवो भव". आणि जैनांच्या चिन्हाखाली असतं "परस्परोपग्रहो जीवानाम्". बडोद्यात माझ्या बसस्टॉपवर एकाच रिक्षाच्या मागे दोन्ही लिहिलेली पाहिली आहेत मी.

सेवउसळ_जास्त_तर्री

अशोकाकडे तीन होते माझ्याकडे आठवड्याला एक कोंबडी, म्हणजे मी अशोकापेक्षा पुढे गेलो की :)

बरं गंमत सोडा. पोस्टमास्तरकाकांचं वाचून बायकोनं मला विचारलं की आपल्या घरात हिटचे किती डबे आहेत. चार निघाले. आणि ते चिकट पॅड पण एक निघालं माळ्यावर, त्यावर वाळलेली पाल. कधीची होती कोण जाणे. फोटो टाकणार होतो, नाही टाकत.

सुरसागरकाठची

उशीर झाला लिहायला, गणपती, गौरी, पाहुणे, काल सगळं आवरलं. सगळ्यांचे खूप आभार, काका तुमची पोस्ट सासूबाईंनी स्वतःच वाचली माझ्या फोनवर, जामिनाचं वाचून "कोण आहे हा मेला" म्हणाल्या आणि मग हसल्या, आता त्यांना तुमचं आडनाव हवंय, रावपुऱ्यातले सगळे पोस्टमास्तर त्यांच्या माहितीतले आहेत म्हणे.

पूरवाला दादा, भोकं बुजवली. मी मोजली, एकोणीस निघाली, त्यातली सात एकट्या मोरीत. नवऱ्यानं दोन रविवार घालवले, तारेच्या घासण्यांचा अख्खा हार आणला, कुरकुर करत करत पण नीट केलं काम. पिंजऱ्यात एकूण तीन आले. दोन मागच्या बोळात सोडले. तिसरा मेला. ती रात्र हरतालिकेची, मी उपास आणि जागरण करून पहाटे आडवी झाले आणि पिंजरा बघायचा राहिला, काकडी पण नव्हती ठेवली. उठले तर कोपऱ्यात मुटकुळं करून पडलेला. देवासाठी रात्रभर जागले आणि चार पावलांवर हा. बघायचा राहिला हे कोणालाच सांगितलं नाही घरी, इथे सांगतेय. लेकीला नवऱ्यानं सांगितलं की सोडला, त्यानं बाहेर नेऊन पुरला तुळशीच्या मागे, मला नंतर दिसलं माती उकरलेली.

मूर्तीला उंदीर आला. मूर्तीवाल्यानं पाटालाच चिकटवून दिला होता, सुटा नव्हताच. ती काही बोलली नाही, पण आरतीला दहाही दिवस त्याच बाजूला उभी राहिली.

ऋषीची भाजी केली, फोडणीशिवाय. नवऱ्याला अजिबात आवडली नाही. आणि सासूबाईंनी गच्चीच्या कठड्यावर घास ठेवायला सुरुवात केलीये, कावळ्यासाठी, पण येते खार. चालेल म्हणाल्या.

आता चिचुंदरीचं. तुमचं बरोबर निघालं दादा, निदान अर्धं. पोहे उंदरांनीच फोडले होते पण फुलवात ही बाई नेते. परवा रात्री मी स्वतः पाहिलं, लांब तोंड, वास तसाच, चिक् चिक् करत आली चौरंगाच्या मागून. समोरच्या बेन म्हणतात ती लक्ष्मी असते, हाकलू नका. नवरा म्हणतो सगळी भोकं बुजवली मग ही कुठून येते. ते अजून कळलेलं नाही.

पूरवाला_बडोदेकर

विसावं भोक आहे कुठेतरी. राहू दे ताई, झुरळं कमी होतील. फक्त जळती वात नेऊ देऊ नका, जुन्या लाकडी घरांत अशा आगी लागलेल्या आहेत. निरांजनावर काचेची चिमणी ठेवा शांत होईपर्यंत. आणि त्या तिसऱ्याचं, होतं असं. माझ्या हातून पण झालंय.

सुरसागरकाठची

ठेवलीये काच, कालपासून. ती चौरंगामागून तोंड बाहेर काढून बघत बसते, वात शांत होऊन मी काच कधी उचलते त्याची वाट बघत. सासूबाई म्हणतात तूप जरा जास्त घाल.